वरचे पाणी, खालचे गाव

मंगरूळपीरच्या माणसाने महापुराविषयी बोलावयास बसावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आमचे गाव कोणत्याही मोठ्या नदीच्या तीरी वसलेले नाही. हजरत हयात कलंदर ह्यांच्या दर्ग्यामुळे त्याच्या नावाला 'पीर' हे पद जोडले गेले आणि अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ दस्तगीरहून ते निराळे ओळखले जाऊ लागले. त्याची कीर्ती आहे ती त्या दर्ग्याची, पाण्याची नव्हे. जुन्या वाशीम जिल्ह्यातील हा तालुका १९०५ साली तो जिल्हा मोडल्यावर अकोल्यात गेला आणि १९९८ साली वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला तेव्हा परत आला. परंतु कचेरी कोठेही असो, आषाढ उजाडला की येथल्या कुणब्याची मान वर आभाळाकडे लागते ती पाऊस येईल की नाही ह्या काळजीने. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनी ह्या मुलखाच्या मनावर जो चरा उमटविला, तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या बुजला नाही. आमच्या आठवणी कोरड्या आहेत.

असे असूनही मी हा विषय घेतला, त्याचे कारण नकाशात आहे. जुने लोक वऱ्हाडाचे तीन भाग करीत: उत्तरेस मेळघाट, मधले पूर्णेचे खोरे तो पायनघाट आणि दक्षिणेचे पठार तो बालाघाट. मंगरूळपीर हे बालाघाटावरचे गाव. वाशीमजवळ काटा नावाचे एक खेडे आहे. त्याच्या परिसरात दोन नद्या उगम पावतात. एक काटेपूर्णा, ती उत्तरेकडे वळते, घाट उतरून पूर्णेस मिळते आणि पूर्णेबरोबर तापीतून सुरतेजवळ पश्चिम समुद्रास जाते. दुसरी पूस, ती आग्नेयेकडे जाऊन पैनगंगेस मिळते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत पूर्व समुद्र गाठते. आमची अडाणही पैनगंगेचीच लेक. म्हणजे एकाच सरीचे दोन थेंब, वाऱ्याने थोडे इकडेतिकडे झाले, तर एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या दोन समुद्रांत जावयाचे. आम्ही पुराच्या काठी राहत नाही; आम्ही पुराच्या माथ्याशी राहतो. आमच्या अंगणात पडलेला पाऊस काही तासांनी किंवा काही दिवसांनी खाली कोणाच्या तरी उंबऱ्याशी जाऊन उभा राहतो.

वर पाऊस पडणे आणि खाली पाणी चढणे ह्यांच्या मध्ये जो अवधी असतो, तेवढेच खालच्या माणसाचे भांडवल. लहान ओढ्याच्या काठी तो अर्ध्या घटकेचा असेल, मोठ्या नदीच्या काठी दोन दिवसांचा. त्या अवधीत वरची बातमी खाली पोहोचली आणि खालच्याने ती खरी मानली, तर माणसे वाचतात. आमच्या लोकांनी ह्या अवधीचा उपयोग कसकसा केला आणि कोठे तो हातचा घालविला, ह्याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

पहिल्याने जुन्या मापांविषयी. नदीकाठच्या लोकांनी पाणी मोजावयाची पट्टी सरकारकडे मागितली नाही. त्यांनी ती देवाकडे मागितली. नाशिकला रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या पायाशी आले, गुडघ्यास लागले, कमरेस लागले, गळ्याशी आले, अशा भाषेत नाशिककर पूर सांगतात. दूरच्या पेठेतील माणसास गोदेचे पात्र दिसत नसले, तरी 'मारुतीच्या छातीला पाणी लागले' एवढे शब्द ऐकताच आपल्या दुकानातील माल माळ्यावर चढवावयाचा की नाही हे त्यास कळते. ह्याहून मोठा पूर सांगावयाचा असेल तर नारोशंकराच्या घंटेचे नाव निघते. पंढरपुरास हेच काम वाळवंटातील पुंडलिकाचे मंदिर करते. पाणी पुंडलिकाला लागले म्हणजे काठच्या झोपड्यांनी हलावे, हे तेथे कोणास शिकवावे लागत नाही.

ह्या सर्वांत मला अद्भुत वाटते ती नृसिंहवाडीची व्यवस्था. कृष्णा आणि पंचगंगा ह्यांच्या संगमावर दत्तात्रेयांच्या पादुका आहेत आणि मंदिर पात्राच्या इतके जवळ, इतके खाली आहे की पावसाळ्यात पाणी आत यावेच. पाणी वाढू लागले म्हणजे उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात नेतात. पुढे पाणी उत्तरेच्या दाराने गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करावयास गावोगावची माणसे लोटतात. भाविकास ते पुण्य. पण इतिहासाच्या अभ्यासकाने त्या सोहळ्याकडे निराळ्या दृष्टीनेही पाहावे. पूर कितपत चढला आहे, ही बातमी ह्या एका विधीने पंचक्रोशीत घरोघर पोहोचते. मूर्ती हलली, दक्षिणद्वार झाले, असे प्रत्येक टप्प्याला एक नाव आहे आणि त्या नावामागे एक ठराविक कृती आहे. कोणा बुद्धिवंताने बसून योजलेली ही योजना नव्हे. परंतु जे माप सर्वांस ठाऊक आहे, ज्याचे नाव पोरासोरांच्या तोंडी आहे आणि ज्याच्यावर कोणाचा अविश्वास नाही, त्याहून चांगले माप कोणते?

सांगलीकरांनी पुढे देवाऐवजी पुलास हा मान दिला. कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला आणि पाहता पाहता तो शहराची पट्टी बनला. तेथे ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ फूट ही धोक्याची. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. श्रावणात सांगलीच्या मंडईत गेलात तर 'आयर्विनला किती?' हा प्रश्न भाजीच्या भावासारखा विचारलेला ऐकू येईल.

परंतु ह्या मापांत एक उणीव आहे आणि ती लहान नाही. मारुती सांगतो ते पाणी आलेले सांगतो. येणारे सांगत नाही. शिवाय अशा मापांचा सोबती म्हणजे माणसाची आठवण, आणि आठवण ही फसवी सोबतीण आहे. २००५ च्या पुरात पाणी आपल्या ओट्याच्या अमुक पायरीपर्यंत आले होते, त्यापुढे ते येत नाही, अशा हिशेबाने २०१९ च्या ऑगस्टात कृष्णाकाठी कितीतरी कुटुंबे घरातच राहिली. त्या वर्षी आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले. आठवणीची पट्टीच पाण्याखाली बुडाली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटली, ती ह्याच पुरात.

दुसरी गोष्ट, बातमी नेणाऱ्याची. आमच्या वऱ्हाडात दवंडीस मुनादी असेही म्हणत. डफ वाजवीत चौकाचौकात उभे राहून हाळी द्यावयाची हे काम गावकामगार महाराकडे असे; पुढे कोतवालाकडे आले. रात्री नदी वाढली तर ती पाहावयास जाणे, पाटलास उठविणे, पुढच्या गावी निरोप पोहोचविणे, हेही त्याच्याच माथी. येथे एक गोष्ट बोलून दाखविल्यावाचून पुढे जाववत नाही. हा मनुष्य राहत असे तो गावाबाहेर, बहुधा सखल अंगास. पाणी आले तर प्रथम त्याच्या घरात येणार. स्वतःची मुले कोठे आहेत हे पाहावयाच्या आधी त्याने वरच्या आळीतील वाड्यांची दारे ठोठवावयाची, अशी ती रीत होती. ती वतने कायद्याने गेली हे योग्यच झाले. मात्र ती जाताना गावाची जागल करणारे जे एक पद होते, तेही हळूहळू रिकामे पडले. त्या पदास मान देऊन, वेतन देऊन ते सर्व जातींच्या तरुणांकडे फिरते ठेवावे, हे कोणास सुचले नाही.

तिसरी गोष्ट पर्जन्यमापकाची. इंग्रजी अमलात तालुक्याच्या कचेरीच्या आवारात पावसाचे माप बसविले गेले आणि रोज सकाळी ते वाचून आकडा वर कळविण्याची शिस्त लागली. ही शिस्त मोलाची होती. आज आपणांजवळ शंभर-सव्वाशे वर्षांचे पावसाचे आकडे आहेत ते तिच्यामुळे. पण तो आकडा कोणत्या वाटेने जात असे ते पाहा. तालुक्याहून जिल्ह्यास, जिल्ह्याहून प्रांतास. पीक कसे येईल, सारा किती वसूल होईल, दुष्काळाची कामे काढावी लागतील काय, ह्यासाठी तो हवा असे. काटेपूर्णेच्या वरच्या अंगास रात्रीतून किती पाऊस झाला हे नागपुरास समजे. काटेपूर्णेच्या खालच्या गावास समजत नसे. आकडा वर चढत होता आणि पाणी खाली उतरत होते.

तारायंत्र आल्यावर मात्र पाण्यापेक्षा वेगाने धावणारे साधन माणसाच्या हाती प्रथमच आले. त्याचा उपयोग कसा होतो आणि कसा वाया जातो, हे पाहावयास पाच वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात जॉन्सटाउन नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे गाव आहे. त्याच्या वरच्या अंगास सुमारे चौदा मैलांवर साऊथ फोर्कचे मातीचे धरण होते. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसाने ते फुटण्याच्या बेतास आले. खाली तारा गेल्या. एक नव्हे, अनेक. पण धरण फुटणार, फुटणार, अशी आवई दर पावसाळ्यात उठे आणि काहीच होत नसे. तार वाचणाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली. घरोघर ती पोहोचलीच नाही. त्या दुपारी धरण फुटले आणि २,२०९ माणसे मेली. तार पाण्याच्या आधी पोहोचली होती हे लक्षात ठेवावे.

आता आपल्याकडे, गढवालात या. १८९३ च्या सप्टेंबरात गोहना गावाजवळ एक डोंगर कोसळला आणि त्याच्या दरडीने अलकनंदेस मिळणारी बिरही गंगा अडविली. सुमारे नऊशे फूट उंचीचा हा निसर्गाने घातलेला बांध. त्याच्यामागे सरोवर भरू लागले. पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागले की बांध तुटणार हे उघड होते आणि खाली अलकनंदेच्या काठी चमोली, श्रीनगर आणि शेवटी हरिद्वार, अशी यात्रेच्या वाटेवरील गजबजलेली गावे. पुलफर्ड नावाच्या इंजिनियराने हिशेब मांडून पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्यास सरोवर काठोकाठ भरेल असे भाकीत केले. मग जी तयारी झाली ती आजही अभ्यासावी अशी आहे. सरोवरापासून हरिद्वारापर्यंत, सुमारे दीडशे मैल, केवळ ह्या एका कामासाठी तारेचे खांब रोवले. वर क्रुकशँक नावाचा तरुण लेफ्टनंट पाण्याची पातळी पाहत बसला. वाटेवरील झुलते पूल आधीच उतरवून ठेवले. आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही की, दरीच्या दोन्ही अंगांस चुन्याच्या बांधणीचे खांब उभारून ठेवले: पाणी आले की ह्या खांबाच्या वर जा, एवढाच त्याचा अर्थ. वाचता न येणाऱ्या गुराख्यासही तो कळत होता. नाशिकचा मारुती आलेले पाणी सांगतो. गढवालचा हा खांब न आलेले पाणी सांगत होता.

भाकिताची तिथी दहा दिवसांनी चुकली. २५ ऑगस्ट १८९४ रोजी पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि मध्यरात्रीच्या सुमारास बांध तुटला. सरोवराची पातळी एका रात्रीत जवळजवळ चारशे फुटांनी उतरली. श्रीनगरचा जुना बाजार, राजवाडा, सर्व काही वाहून गेले. माणसे गेली पाच. तीही एका फकिराच्या कुटुंबातील. त्यांना हलविले होते, ती पुन्हा खाली गेली.

जॉन्सटाउनास तार होती, गोहन्यासही तार होती. फरक असा की गोहन्याच्या खालच्या गावांना वर्षभर आधीपासून ठाऊक होते की वर कोण बसला आहे, तो काय पाहतो आहे आणि त्याचा निरोप आला की आपण कोठे जावयाचे आहे. अनोळखी माणसाची तार आणि ओळखीच्या माणसाची तार ह्यांत अक्षरे तीच असतात, पण ती वाचली जातात निरनिराळी.

त्याच चमोलीच्या खोऱ्यात सव्वाशे वर्षांनी, ७ फेब्रुवारी २०२१ रोजी, डोंगराचा एक प्रचंड तुकडा हिमासह कोसळला आणि धौली नदीला भयंकर लोंढा आला. तपोवनच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या एका तरुणाची आई वर डोंगरउतारावर होती. तिने लोंढा पाहिला आणि मुलास फोन केला. त्यास ती थट्टा वाटली. तिने पुन्हा केला; पुन्हा केला. अखेर तो आणि त्याच्याबरोबरचे सुमारे पंचवीस मजूर वर पळाले आणि वाचले, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. मुलाने प्रथम विश्वास ठेवला नाही, हे वाचून मी थांबलो. आईवरही पहिल्या खेपेस विश्वास बसत नाही, तर शासकीय पत्रकाची काय कथा!

आता महाराष्ट्राकडे येऊ. १२ जुलै १९६१ ही तारीख पुणेकर विसरत नाहीत. पानशेतचे धरण पुरते बांधून झाले नव्हते आणि त्यात पाणी साठले. आदल्या रात्री लष्कराचे जवान पावसात वाळूची पोती रचीत होते. त्या पोत्यांनी धरण वाचले नाही. परंतु ते काही तास उशिरा फुटले, आणि त्या काही तासांनी मध्यरात्रीचा लोंढा दिवसा आणला. खालचे खडकवासलेही गेले आणि मुठेने पेठा बुडविल्या. दिवसाउजेडी माणूस पाणी पाहून पळू शकतो. अवधी विकत घ्यावयाचा झाला तर त्याची किंमत काय, हे त्या जवानांनी दाखविले. मात्र त्या अवधीत गावास सांगण्याचे काम जितके व्हावयास हवे होते तितके झाले नाही.

आणि मग मोवाड. विदर्भाबाहेर हे नाव फार थोड्यांस ठाऊक असेल. नागपूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी वसलेले हे संत्र्यांच्या पट्ट्यातील गाव. १८६७ सालापासून नगरपालिका असलेले. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला पूर आला तो गावावरूनच गेला. २०४ माणसे मेली. पुढे उरलेल्यांसाठी निराळ्या जागी नवे मोवाड वसविले गेले. वर्धा नदी उगम पावते सातपुड्यात, बैतुल जिल्ह्यातील मुलताईजवळ. म्हणजे वरचा पाऊस एका राज्यात आणि खालचे गाव दुसऱ्या राज्यात. देशात पुराचे शास्त्रीय भाकीत १९५८ साली दिल्लीला यमुनेवर सुरू झाले. १९६८ च्या पुराने सुरत बुडाल्यानंतर तापीसारख्या मोठ्या नद्यांकडेही लक्ष गेले. ते उत्तम झाले. परंतु दोन-तीन तासांत चढणाऱ्या वरच्या अंगाच्या नद्या आणि त्यांच्या काठचे मोवाड ह्यांचे दुःख त्या जाळ्याच्या छिद्रांतून निसटते. अशा गावास राजधानीतून इशारा येईपर्यंत पाणी येऊन गेलेले असते. त्याला वाचवू शकतो तो फक्त दहा-पंधरा कोस वरचा शेजारी.

दरडीची गोष्ट पुराहून कठीण. पुराला वाट असते. तो कोठून येणार हे माहीत असते. डोंगर मात्र जेथे उभा असतो तेथूनच येतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मेली. बातमी जगास कळली ती एस.टी.च्या चालकामुळे. तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला आणि पाहतो तो जेथे गाव असावयाचे तेथे चिखल. गावाकडून बाहेर सांगावयास कोणी उरले नव्हते. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. तेथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण मातीतच राहिले.

तरी डोंगर अगदी मुकाट्याने येतो असेही नव्हे. उताराला भेगा पडतात आणि पावसागणिक रुंदावतात. विजेचे खांब आणि झाडे कलतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, किंवा आटते, किंवा नव्याच जागी फुटते. घराची दारे चौकटीत अडकू लागतात. ह्या खुणा उपग्रहाच्या आधी गुरे चारणाऱ्या मुलास दिसतात. मात्र ह्या सर्व खुणांच्या मागे असतो तो मुरलेला पाऊस. आजचा एकटा नव्हे. दोन-तीन दिवसांचा मिळून. तेव्हा त्या डोंगरावर, त्या वाडीच्या डोक्यावर, किती पाऊस मुरला हे कोणी मोजले पाहिजे. दहा कोसांवरच्या तालुक्याचा आकडा येथे कुचकामाचा, कारण सह्याद्रीत एका खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे पाऊस दुप्पट-निमपट असतो.

केरळात वायनाड जिल्ह्यात हे काम लोकांनी करून पाहिले आहे. कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर ह्या संस्थेने शेतकऱ्यांच्या आणि मळेवाल्यांच्या अंगणांत दोनशेहून अधिक पर्जन्यमापके ठेविली. ती माणसे रोज आकडा वाचतात आणि कळवितात. त्यांची बेरीज करून कोणत्या उताराला धोका आहे हे ठरविले जाते. २०२० साली मुंडक्कै येथे ह्या आकड्यांवरून माणसे आधी हलविली गेली आणि दरड आली तेव्हा जीव वाचले. २०२४ साली त्याच मुंडक्कैच्या डोंगरावर दोन दिवस पाऊस कोसळत होता. २९ जुलैच्या सकाळीच संस्थेने प्रशासनास इशारा दिला. ३० जुलैच्या पहाटे डोंगर आला आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. तीच माणसे, तीच मापे, तोच डोंगर. एका खेपेस बातमीचे पाऊल झाले, दुसऱ्या खेपेस ते व्हावयास हवे तसे झाले नाही.

मोवाड, माळीण, मुंडक्कै: तिन्हींची तारीख ३० जुलै. ह्यात ग्रहगती शोधणारे शोधोत. मला त्यातून इतकेच दिसते की जुलै सरता सरता जमीन पाण्याने तुडुंब झालेली असते आणि त्यावर आणखी पाऊस पडतो. पंचांगात ज्याची वेळ इतकी ठरलेली आहे, त्या पाहुण्यासाठी दिवा लावून ठेवावयास काय हरकत आहे?

आता पुन्हा आमच्या बालाघाटाकडे वळतो. २०१७ पासून महाराष्ट्रात महावेध योजनेखाली महसूल मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. संख्या दोन हजारांवर. इंग्रजांच्या काळी जेथे तालुक्याला एक माप होते, तेथे आज मंडळाला एक यंत्र आहे आणि ते घटकेघटकेला पाऊस टिपते. पण त्याच्या आकड्याची वाट पाहा. तो मुख्यतः हवा असतो पीकविम्यासाठी. एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे ती अतिवृष्टी. मग पंचनामे, मग भरपाई. आमच्या खेड्यांतील प्रत्येकास ६५ हा आकडा तोंडपाठ आहे. तो नुकसान झाल्यानंतर उपयोगी पडतो. सारावसुलीसाठी मोजलेला पाऊस आणि विम्यासाठी मोजलेला पाऊस ह्यांच्यामध्ये सव्वाशे वर्षे गेली. खालच्या गावासाठी मोजलेला पाऊस अजून यावयाचा आहे. तोच ६५ चा आकडा रात्री बारा वाजता ओलांडला जातो, तेव्हा तो सकाळच्या तक्त्यात जाण्याआधी घाटाखालच्या चार सरपंचांच्या कानी जाईल, तर ह्याला नवे यंत्र एकही लागत नाही.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे; सरकारचा इशारा त्यात शीळ घालीत येतो. येतो खरा. परंतु जिल्ह्यासाठी आलेली शीळ आपल्या ओढ्यासाठी आहे काय, हे त्यातून कळत नाही आणि चार वेळा शीळ वाजून काही झाले नाही की पाचव्या वेळी आपण जॉन्सटाउनचे रहिवासी होतो. ओळखीचा आवाज निराळा. 'काका, आमच्या नाल्याने पूल ओलांडला, शाळेची भिंत ओली झाली, तुम्ही गुरे सोडा,' असे पलीकडून कोणी बोलला की माणूस अंथरुणातून उठतो.

काटेपूर्णेवर खाली बार्शीटाकळी तालुक्यात महान येथे धरण आहे. अकोला शहर त्याचे पाणी पिते. दारे उघडावयाची झाली म्हणजे त्याच्या खालच्या गावांना सावध करावे लागते. ते धरण भरते आमच्या पठारावरच्या पावसाने. गेल्या पावसाळ्यात एकदा रात्रभर कोसळले. कौलांवरचा आवाज थांबेना. सकाळी ओटीवर चहा घेताना शेजारचे गृहस्थ समाधानाने म्हणाले, "विहिरी भरल्या बरं का!" मी त्यांस विचारले, काट्याच्या कोणा माणसाजवळ महानच्या कोणा माणसाचा फोन नंबर असेल का हो? त्यांनी बशी खाली ठेवली आणि थोडा वेळ विचार केला.

"मुलगी दिली असेल कोणी त्या बाजूला," ते म्हणाले, "तर असेल."